दुरुस्त घड्याळ, बनावट दावा

जुन्या मनगटी घड्याळांच्या जगभरच्या बाजारात 'मुंबई स्पेशल' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. तो कौतुकाचा नाही. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एका घड्याळाचे, यंत्र दुसऱ्याचे, केस तिसऱ्याची आणि वर एखाद्या नामांकित स्विस किंवा जपानी कंपनीचे नाव, असे घड्याळ दिसले की युरोप-अमेरिकेतला संग्राहक हे दोन शब्द उच्चारतो आणि पुढे सरकतो. ते घड्याळ खरोखर मुंबईहून आले की आणखी कुठून, याची चौकशी तो करत नाही. एका शहराचे नाव खोटेपणाचे सामान्यनाम झाले, आणि त्या शहराच्या भाषेत यावर फारसे कोणी लिहिले नाही.

प्रस्तुत लेखात दोन गोष्टी करायच्या आहेत. जुने घड्याळ विकत घेण्यापूर्वी ते कसे पारखावे, हे सांगायचे आहे. आणि पारखताना आपण 'अस्सल' हा शब्द नेमका कशाला लावतो, हेही तपासायचे आहे. पहिली गोष्ट दुसरीवाचून होत नाही, असे माझे मत आहे.

१

फेवर ल्यूबा ह्या स्विस कंपनीने मुंबईत व्यवसाय सुरू केला तो १८६५ साली. एकोणिसावे शतक सरण्यापूर्वी वेस्ट एंड वॉच कंपनीही मुंबईत आली. तिच्या 'सोवार' ह्या लोकप्रिय घड्याळाचे नाव आपल्याच 'स्वार' शब्दावरून, घोडदळातल्या शिपायावरून घेतलेले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी घड्याळ दुर्मीळ झाले. १९६१ साली हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे आपल्या एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरमध्ये घड्याळे बनवायला सुरुवात केली; 'जनता', 'पायलट', 'जवान', 'सोना', 'कांचन' ही नावे घरोघर पोचली. तरीही मनगटी घड्याळ ही बहुतेकांना आयुष्यात एकदाच मिळणारी वस्तू होती. लग्नात सासरेबुवांकडून, मॅट्रिक झाल्यावर वडिलांकडून, नाहीतर नोकरीतल्या पहिल्या बोनसातून.

अशी वस्तू खराब झाली म्हणून कोणी टाकून देत नसे. आपल्याकडचा घाम आणि चार महिन्यांचा पाऊस घड्याळाला मानवत नाही. चावीच्या दांडीवाटे ओल आत शिरते, तबकडीवरचे व्हार्निश फुगते, डाग पडतात, अंक पुसट होतात. मालक घड्याळजीकडे जाई आणि 'डायल नवी करून द्या' म्हणे. घड्याळजी तबकडी काढून रंगवणाऱ्याकडे पाठवी. तो जुना रंग उतरवून नवा थर देई आणि कोरलेल्या पट्टीवरची अक्षरे मऊ ठशाने उचलून तबकडीवर टेकवी. मूळ कारखान्याची पट्टी त्याच्याकडे नसे, म्हणून तो स्वतःची पट्टी कोरून घेई. अक्षरांच्या वळणात जो फरक पडतो त्याचे मूळ इथे आहे. गिऱ्हाईक खूश होई, कारण त्याला वेळ स्पष्ट दिसे. ह्या व्यवहारात फसवणूक कुठेच नव्हती. मालकाला ठाऊक होते, घड्याळजीला ठाऊक होते आणि तिसऱ्या कोणाला ते सांगण्याचे कारण नव्हते. तबकड्या रंगवण्याचा धंदा स्वित्झर्लंडमध्येही होता आणि आहे. त्याला कोणी 'जिनिव्हा स्पेशल' म्हणत नाही.

चित्र बदलले ते नंतर. १९८७ पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली, चावीची घड्याळे कपाटात गेली, तिथून रद्दी-भंगाराच्या वाटेने जुन्या बाजारात पोचली. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याला मान्यता दिली, आणि कालपर्यंत जुनाट वाटणारी वस्तू एकाएकी 'व्हिंटेज' झाली. आता गिऱ्हाईक परगावचे, परदेशातले. ज्याने घड्याळ वापरले तो दृष्टीआड. तेच रंगवणारे हात, तीच पट्टी, पण आता तबकडी मालकासाठी न रंगवता अनोळखी खरेदीदारासाठी रंगवली जाऊ लागली. कंपनीने कधीच न काढलेले भडक रंग आले, पंखांची आणि विमानांची चित्रे आली. काम तेच राहिले; त्याबरोबर बोलले जाणारे वाक्य बदलले. 'नवी करून दिली' ऐवजी 'मूळचीच आहे' असे सांगितले जाऊ लागले. खोटेपणाचा जन्म ह्या दुसऱ्या वाक्यात आहे.

२

अष्टविनायकांतले ओझर जुन्नर तालुक्यातले. मी राहतो ते ओझर नाशिकजवळचे, निफाड तालुक्यातले. लोक त्याला 'ओझर मिग' म्हणतात. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० इथे तयार झाली. शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे, तिथे लढाऊ विमाने पूर्ण उघडून पुन्हा जोडली जातात. घड्याळाच्या अस्सलपणाचा विचार करताना ह्या गावाची मला मदत झाली ती अशी.

ओव्हरहॉलला आलेल्या विमानाचे इंजिन बदलते, नळ्या बदलतात, उपकरणे बदलतात, रंग पूर्ण खरवडून नवा दिला जातो. वीस-पंचवीस वर्षे उडालेल्या विमानात कारखान्यातून निघतानाचे किती सुटे भाग उरतात, हा प्रश्नच आहे. तरी त्या विमानाला कोणी बनावट म्हणत नाही. कारण प्रत्येक महत्त्वाच्या भागाला क्रमांक असतो आणि क्रमांकाबरोबर कागद असतो. रशियन पद्धतीत अशा कागदाला 'पासपोर्ट' म्हणतात. कोणता भाग कोणत्या तारखेला कोणत्या विमानात बसला, किती तास उडाला, कधी उतरवला, हे त्यावर लिहिलेले असते. इंजिनाची नोंदवही विमानापासून वेगळी असते. इंजिन हलले की वहीही हलते. कागद हरवलेला भाग कितीही चकचकीत असला तरी विमानात बसत नाही.

विमान आणि मनगटी घड्याळ यांत खर्चाचा आणि जिवाच्या जोखमीचा फरक आहे, हे उघड आहे. घड्याळजीने पाच रुपयांच्या दुरुस्तीला पासपोर्ट लिहावा अशी अपेक्षा करता येत नाही. पण ह्या तुलनेतून एक गोष्ट ध्यानात येते. भाग बदलल्याने वस्तूची ओळख जात नाही, बदलाची नोंद गेल्याने जाते. जुन्या घड्याळाच्या खरेदीदाराला जी कसरत करावी लागते, ती हरवलेली नोंद वस्तूकडे बघून पुन्हा लिहून काढण्याची कसरत आहे.

ओझरसारख्या गावात ह्या हरवलेल्या नोंदीच्या जागी दंतकथा फार लवकर येऊन बसते. एचएमटीचे 'पायलट' हे काळ्या तबकडीचे, सतरा ज्वेलचे, चावीचे घड्याळ. नाव पायलट, गाव विमानांचे. तेव्हा 'हे हवाई दलाने वैमानिकाला दिलेले आहे' हे वाक्य विक्रेत्याच्या ओठांवर सहज येते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला. ह्यापुढे 'मिगच्या वैमानिकाचे' ह्या शब्दांना आणखी भाव येईल. पण 'पायलट' हे मॉडेलचे नाव आहे. ते घड्याळ दुकानात कोणालाही मिळत होते, जसे 'जवान' घ्यायला जवान असावे लागत नव्हते आणि 'सोना' सोन्याचे नव्हते. तबकडीवरच्या नावावरून मालकाचा व्यवसाय ठरवणे म्हणजे नाटकाच्या नावावरून नटाचे चरित्र लिहिणे. सरकारी वाटपाचा दावा करायचा तर त्याला स्वतंत्र पुरावा हवा: मागच्या झाकणावरची खूण, वाटपाचा क्रमांक, कुटुंबाकडचा कागद. यातली कोरलेली खूण सर्वांत सोपी बनते. तेव्हा भिंगातून पाहावे. जुन्या झाकणावरचे ओरखडे कोरीव रेघांच्या कडांवरून जातात आणि त्या कडा बोथट करतात. नव्याने कोरलेली रेघ जुन्या ओरखड्यांना कापत जाते, तिच्या कडा धारदार असतात आणि तळ उजळ असतो. कोणती रेघ आधीची आणि कोणती नंतरची, एवढे कळले तरी अर्धा निकाल लागतो.

३

साहित्याच्या वाचकाला ही पद्धत अनोळखी वाटू नये. जुन्या पोथीची पाठचिकित्सा आणि जुन्या घड्याळाची पारख यांचे तर्कशास्त्र एकच आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हातोहात नकला होऊन पाठ बिघडले होते. नाथांनी ते पडताळले, निवडले, दुरुस्त केले. हे ग्रंथाचे ओव्हरहॉलच होते. पण आपण नाथांच्या प्रतीला बनावट म्हणत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या थोरवीइतकेच त्यांच्या प्रामाणिकपणात आहे. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी शक लिहिला, संवत्सर लिहिले, आपण शुद्धीकरण केले असे सांगितले आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. दुरुस्ती करणाऱ्याने दुरुस्तीवर सही केली. नंतरच्या काळात एकनाथपूर्व पाठाचा शोध घेता आला, राजवाड्यांनी १९०९ साली आपली वेगळी प्रत छापली आणि तिच्यावर वाद झाले, ते ह्याच सहीमुळे शक्य झाले. रेषा कुठे आहे हे माहीत असेल तरच रेषेच्या अलीकडे-पलीकडे असे बोलता येते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ घालवून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पानावर स्वीकारलेला पाठ वर असतो आणि नाकारलेले पाठ खाली तळटीपांत जपलेले असतात. नाकारले म्हणून फेकून दिलेले नाहीत. चांगला घड्याळजी जुनी फुटकी चावी आणि डागाळलेले काटे कागदाच्या पुडीत बांधून मालकाला परत देतो, त्यामागे हाच विवेक आहे.

ऐतिहासिक पत्र पाहताना अभ्यासक तिथी आणि वार जंत्रीत ताडून पाहतो. अक्षर मोडी वळणाचे, कागद जुना, मायना बरोबर. पण त्या तिथीला तो वार नसेल तर पत्राबद्दल शंका घ्यावीच लागते. घड्याळातही अशा जंत्र्या असतात. जपानच्या सायको कंपनीच्या जुन्या घड्याळांच्या मागच्या झाकणावर क्रमांक असतो. त्यातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा सांगतो आणि दुसरे चिन्ह महिना. त्याच झाकणावर मॉडेलचा जो क्रमांक असतो त्याचे पहिले चार अंक आतल्या यंत्राचे असतात. झाकण म्हणते ६११९ आणि उघडल्यावर यंत्र निघते ७००९, तर तिथी आणि वार जुळलेले नाहीत.

४

आता प्रत्यक्ष परीक्षा. मी साक्षीदारांच्या रूपकात बोलतो, कारण एका साक्षीवर निकाल देऊ नये हा नियम इथेही लागू आहे.

पहिली साक्ष तबकडीची. सर्वांत बोलकी तीच आणि सर्वांत जास्त शिकवलेलीही तीच. नाव मोठ्या अक्षरांत असते म्हणून रंगवणारा तिथे काळजी घेतो. त्याची खरी कसोटी बारीक मजकुरात लागते. सहाच्या अंकाखाली अगदी कडेला 'स्विस मेड' अशी सूक्ष्म अक्षरे असतात, ती गायब आहेत का, मध्यावर आहेत का, कडेने अर्धी कापली गेली आहेत का, हे पाहावे. मिनिटांच्या रेघा तबकडीच्या काठापासून सर्वत्र सारख्या अंतरावर हव्यात. चिकटवलेल्या धातूच्या अंकांच्या बुंध्याशी रंग साचला असेल, तर थर नंतरचा आहे. 'सतरा ज्वेल' असे तबकडी म्हणते आणि यंत्रावर पंचवीस कोरलेले आहे, तर दोघांपैकी एक पाहुणा आहे.

अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांचा पुरावा शास्त्रीय आहे. साधारण १९६०च्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरत. पुढे ट्रिटियम आले आणि तबकडीच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' अक्षर येऊ लागले. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे सव्वाबारा वर्षांचे. पन्नास वर्षांत त्याची चमक जवळजवळ संपते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षांचे, पण त्याच्या माऱ्याने सोबतचे चमकणारे द्रव्यच जळून जाते. म्हणून १९६५चे म्हणून दाखवलेले घड्याळ अंधारात झगझगीत हिरवे दिसत असेल, तर ते द्रव्य नंतर भरलेले आहे. काट्यांवरचा आणि अंकांवरचा रंग सारखा म्हातारा झालेला असावा. एक सूचना सुरक्षिततेची: मृत दिसणारा रेडियम किरणोत्सर्ग करतच असतो. तबकडी घरी खरवडू नये, तिच्यावर फुंकर घालू नये.

दुसरी साक्ष यंत्राची. झाकण उघडून दाखवायला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून महाग घड्याळ घेऊ नये. यंत्रावर कंपनीचे नाव वा चिन्ह असते, बॅलन्सजवळ क्रमांक असतो. इथे मात्र घाईने दोषी ठरवू नये. अनेक स्विस कंपन्या यंत्रे बाहेरून घेत, आणि वेस्ट एंडच्या जुन्या घड्याळांत लाँजीनचे यंत्र सापडणे योग्यच आहे. सोव्हिएत घड्याळांच्या यंत्र-क्रमांकाचे पहिले दोन अंक यंत्राचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात: २४०९ म्हणजे चोवीस, २६०९ म्हणजे सव्वीस. असे साधे ज्ञानही उपयोगी पडते. तबकडीला खाली दोन बारीक पाय असतात, ते यंत्राच्या भोकांत बसतात. परकी तबकडी बसवताना हे पाय कापून ती चिकटवावी लागते. तारखेचा आकडा खिडकीत तिरका किंवा एका बाजूला दिसत असेल तर पाय कापले असण्याचा संशय घ्यावा.

तिसरी साक्ष केसची आणि काट्यांची. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे, तासकाटा अंकांच्या अलीकडे थांबला पाहिजे. आखूड काटा बहुधा दुसऱ्या घरचा असतो. पॉलिश करून करून केसच्या धारा गोल झाल्या असतील तर किंमत कमी, पण तो खोटेपणा नव्हे. स्वस्त घड्याळांची केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा. पन्नास वर्षे घामात राहिलेल्या मुलाम्याला खड्डे पडतातच. मागचे झाकण झिजलेले आणि समोरची बाजू आरशासारखी असेल, तर नवा मुलामा कधी दिला हे विचारावे.

चौथी साक्ष विक्रेत्याची. त्याला 'ओरिजिनल आहे का' हा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याचे उत्तर एकच येते. 'यात काय काय बदलले आहे' असे विचारावे. जाणकार आणि सरळ माणूस काच, चावी, पट्टा अशी यादी सांगू लागतो. ह्या वयाच्या घड्याळात काहीच बदललेले नाही असे सांगणाऱ्याने एक तर झाकण उघडून पाहिलेले नाही, नाहीतर पाहूनही तो बोलत नाही. जे सांगेल ते पावतीवर लिहून घ्यावे. घड्याळ चालते आणि वेळ बरोबर दाखवते, ही साक्ष मात्र ग्राह्य धरू नये. त्याने ते चालते एवढेच सिद्ध होते.

ह्या चार साक्षींवरून घड्याळाची तीनपैकी एक जागा ठरवता येते: न हाताळलेले, दुरुस्त, आणि मिश्र. तिन्ही जागा सन्मान्य आहेत. तीन मोडक्या 'जनता'तून एक चालते 'जनता' उभे केले, तर त्यातला प्रत्येक भाग एचएमटीचाच आहे, पण ते मिश्र आहे, आणि मिश्र म्हणून, मिश्राच्या किमतीला ते जरूर घ्यावे. चौथी जागा बनावटाची. दुरुस्त किंवा मिश्र घड्याळ 'न हाताळलेले' म्हणून विकले की ते तिथे जाते.

५

संग्राहकांच्या मताशी माझे भांडण ह्या शेवटच्या मुद्द्यावर आहे. त्यांच्या बाजारात सर्वाधिक मोल असते ते डबीत पडून राहिलेल्या घड्याळाला. ज्या माणसाकडे दुसरे घड्याळ होते, त्यालाच पहिले डबीत ठेवणे परवडले. ज्याने एकच घड्याळ तीस वर्षे पहिल्या पाळीला मनगटावर बांधले, त्याची काच बदलली, चावी बदलली, तबकडी रंगवली गेली. आणि आज ते घड्याळ 'मुंबई स्पेशल' म्हणून बाजूला टाकले जाते. वापराला दोष आणि न वापरण्याला अस्सलपणा म्हणणारी ही मोजपट्टी सधन घरांची आहे. ती किमतीपुरती मानावी. इतिहास लिहायला ती अपुरी आहे.

उलट बाजूचा भाबडेपणाही मला मान्य नाही. 'आपल्या कारागिरांनी गरजेपोटी केले, त्यात वाईट काय' असे म्हणून सर्वच रंगरंगोटीला पाठीशी घालणारे लोक त्याच कारागिरांचे नुकसान करतात. मालकासाठी केलेली दुरुस्ती आणि परक्याला फसवण्यासाठी केलेला रंग यांत फरक केला नाही, तर पहिल्याची अब्रू दुसऱ्याबरोबर जाते. 'मुंबई स्पेशल' ह्या शब्दाने नेमके हेच केले आहे. त्या शब्दाचे खंडन करायचे तर आपण आधी हा फरक स्वतः करायला हवा.

आणि त्यासाठी लागणारी नोंद अगदीच नाहीशी झालेली नाही. जुन्या घड्याळाचे झाकण उघडून त्याची आतली बाजू उजेडात तिरकी धरली, तर पुष्कळदा सुईच्या टोकाने ओरखडलेली बारीक चिन्हे दिसतात. एखादी तारीख, एखादा आकडा, एखादे आद्याक्षर. सर्व्हिसिंग केल्यावर घड्याळजी आपल्या खुणेसाठी ती करून ठेवत. एका झाकणात तीन-चार वेगवेगळ्या हातांची चिन्हे असली, तर ते घड्याळ तीन-चार वेळा कोणाच्या तरी टेबलावर उघडले गेले, आणि प्रत्येक वेळी मालकाने ते परत नेले. बाजारातले 'साफ केलेले' घड्याळ घेताना आतून चकचकीत झाकण हा गुण समजू नये. कोणीतरी नोंद पुसली असण्याची शक्यता आहे.

ही चिन्हे वाचू शकणारे घड्याळजी आता थोडे उरले आहेत. नाशिकच्या जुन्या पेठांतून त्यांची टेबले एकेक करून उठत आहेत. ज्यांच्या घरी वडिलांचे, आजोबांचे घड्याळ आहे, त्यांनी ते एकदा अशा माणसाकडे न्यावे, झाकण उघडून आतल्या चिन्हांचा फोटो काढावा, काय मूळचे आणि काय बदललेले हे विचारून एका चिठ्ठीवर तारखेसह लिहावे आणि ती चिठ्ठी घड्याळाबरोबर ठेवावी. पुढे कधी ते विकायची वेळ आलीच, तर घेणाऱ्याच्या हाती घड्याळाबरोबर ती चिठ्ठीही द्यावी.